उर्दू बोलणाऱ्यांना इंग्रजीचं बेसिक शिकवताना सुरुवात कुठून करायची?

खडू_आणि_फळा

नमस्कार मंडळी. मी मोठ्या माणसांना अगदी पायापासून इंग्रजी शिकवते, म्हणजे साधी वाक्यं, रोजचे शब्द, फॉर्म भरता येणं, फोनवर दोन वाक्यं बोलता येणं इतपत. आतापर्यंतच्या बॅचमध्ये बहुतेक मराठीच होते त्यामुळे नोट्स सगळ्या मराठीवरून इंग्रजीकडे जाणाऱ्या. यावेळची बॅच पूर्ण उर्दू बोलणारी आहे, शिकले तेही उर्दू माध्यमात. मला उर्दू ऐकून समजते, बोलतेही बऱ्यापैकी, पण लिपी अजिबात वाचता येत नाही.

मला वाटलं होतं हिंदीसारखंच असणार काय फरक पडतो, पण चुका बघून चक्रावले आहे. "आय ॲम गो" तर जवळपास सगळे म्हणतात. "माय फादर आर कमिंग" म्हणतात. बहिणीबद्दल बोलताना सरळ "ही", "शी" नाहीच. प्रश्न विचारायचा झाला की "व्हॉट यू आर कमिंग?" आणि विचारायचं असतं की तू येतेयस का. लिहिताना स्वर गायब, बिग लिहायला सांगितलं तर बी आणि जी, संपलं. कॅपिटल लेटर कुठेच नाही, किंवा मग शब्दाच्या मध्येच कुठेतरी. आणि एवढं असून स्पेलिंग पाठ करण्यात हे लोक माझ्या मराठी बॅचपेक्षा पुढे आहेत, ते कसं काय तेही कळत नाही.

तर विचारायचं हे की आधी ग्रामर घ्यावं की शब्द? एका ओळखीच्यांनी सांगितलं की "ता है, ती है, ते हैं" वाली जुनी पद्धत वापरा, त्याने टेन्स पटकन बसतात. खरंय का? कोणी शिकवलं असेल किंवा स्वतः उर्दूतून इंग्रजी शिकलं असेल तर प्लीज सांगा.

---

उंटावरचा_शहाणा

ग्रामर वगैरे सोडा हो ताई. वर्गात फक्त इंग्रजी बोला, बाकी भाषा बंद. लहान मुलं काय ग्रामर शिकून बोलतात का.

---

नुक्ता

उर्दू माझी मातृभाषा, मराठी शाळेत आणि मित्रांत आली, इंग्रजी सगळ्यात शेवटी, त्यामुळे तुमच्या बॅचच्या जागी मी बसलेलो आहे असं समजा. शहाणेसाहेब, लहान मुलाला दिवसभर दुसरं काम नसतं आणि आजूबाजूला सगळे तीच भाषा बोलत असतात, मोठ्या माणसाला आठवड्याचे चार तास मिळतात आणि डोक्यात एक अख्खी भाषा आधीच बसलेली असते. ती बंद करा म्हटल्याने बंद होत नाही, ती मागून वाक्यं बनवून देत राहते. तिला कामाला लावा.

आधी लिपीचं बोलतो कारण ताईंना लिपी येत नाही आणि निम्मी उत्तरं तिथेच आहेत.

उर्दूत ऱ्हस्व स्वर असतात पण लिहीत नाहीत. ज़बर, ज़ेर, पेश ही चिन्हं आहेत पण ती लहान मुलांच्या पुस्तकात आणि धर्मग्रंथात, एरवी पेपरात, पत्रात कोणी लावत नाही. "इस" आणि "उस" हे दोन्ही शब्द उर्दूत अगदी एकसारखे लिहिले जातात, अलिफ आणि सीन, वाचणारा वाक्यावरून ठरवतो इस की उस. आता ज्याचा हात वर्षानुवर्षं असा चाललाय त्याने बिग लिहिताना बी आणि जी लिहिलं तर त्याच्या दृष्टीने शब्द पूर्ण झाला. त्याला बिग येत नाही असं नाहीये, मधला आवाज लिहायचा असतो हेच त्याच्या सवयीत नाही. यावर एकच उपाय मला माहीत आहे, बॅट, बेट, बिट, बट असे शब्द एकाखाली एक लिहून घ्या जिथे फक्त मधलं अक्षर बदलतं आणि अर्थ बदलतो. पिन, पेन, पॅन. हॅट, हिट, हॉट, हट. आठवडाभर रोज पाच मिनिटं. त्यांना दिसलं पाहिजे की इथे स्वर खाल्ला तर वाचणाऱ्याला अंदाजाने काही कळणार नाही.

स्पेलिंगमध्ये पुढे का, त्याचं उत्तर पण लिपीतच आहे. मराठीत जे बोलतो ते जवळपास तसंच लिहितो, ऱ्हस्व-दीर्घ सोडलं तर पाठ करायला फार काही नाही. उर्दूत स चा आवाज तीन अक्षरांनी लिहितात, सीन, साद आणि से. ज़ चा आवाज चार अक्षरांनी, ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोए. कुठल्या शब्दात कुठलं हे ऐकून कळत नाही, पाठच करावं लागतं. त्यामुळे एकाच आवाजाला कुठे सी, कुठे के, कुठे क्यू हे ऐकून उर्दूवाल्याला धक्का बसत नाही. न उच्चारायची अक्षरं पण नवीन नाहीत, "ख़्वाब" मध्ये वाव लिहितात पण बोलत नाहीत, "बिलकुल" मध्ये अलिफ लिहितात पण बोलत नाहीत. तुम्ही नो (माहीत असणं) शब्दातला मुका के शिकवाल तेव्हा नुसतं "ख़्वाब का वाव" म्हणा, वर्ग हसेल आणि विषय संपेल.

कॅपिटलचं तर सरळ आहे, उर्दूत मोठं-छोटं अक्षर हा प्रकारच नाही (मराठीतही नाही म्हणा). पण अजून एक बघा, दोन शब्दांमधली मोकळी जागा. उर्दूत अक्षरं एकमेकांना जोडून येतात आणि अलिफ, दाल, रे, वाव ही काही अक्षरं पुढच्याला जोडली जात नाहीत, त्यामुळे शब्दाच्या आत पण फट पडते आणि शब्द संपल्यावर पण, हाताने लिहिताना जागा सोडायची सवय ढिली असते. इंग्रजीत दोन शब्द चिकटवले की लगेच गोंधळ. चार रेघांच्या वहीत बोटभर जागा सोडायला लावा, मोठी माणसं आहेत म्हणून लाजू नका. पूर्णविराम पण बघून घ्या, उर्दूतला पूर्णविराम छोटी आडवी रेघ असतो, टिंब नाही, आणि प्रश्नचिन्ह आरशात बघितल्यासारखं उलटं.

डावीकडून उजवीकडे लिहिण्याची मात्र काळजी करू नका. उर्दूत आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात, त्यामुळे हात दोन्हीकडे चालतो.

---

खडू_आणि_फळा

बापरे, इस आणि उस सारखंच लिहितात हे मला माहीतच नव्हतं, स्वरांचं कोडं सुटलं एकदम. धन्यवाद नुक्ता. आता "आय ॲम गो" चं कोणीतरी सांगा.

---

भूतकाळ_चालू

"आय ॲम गो" मी सांगतो, वर्षानुवर्षं तेच ऐकतोय :)

"मैं जाता हूँ" यातला "हूँ" बघा. "मैं डॉक्टर हूँ" मध्ये पण तोच हूँ आहे आणि तिथे आपण शिकवलंय की हूँ म्हणजे ॲम, मग विद्यार्थी "जाता हूँ" मधल्या हूँ ला पण ॲम लावतो, त्याचं काय चुकलं? त्याच्या बाजूने पूर्ण लॉजिकल आहे. "वो खेलता है" ला "ही इज प्ले" म्हणतो ते पण तसंच. मराठीत "मी जातो" म्हणून वाक्य संपतं, पाठी आहे-बिहे काही लागत नाही, म्हणून मराठी बॅचमध्ये ही चूक इतकी दिसत नाही. फरक इतकाच.

आता तुमची ता है - ती है वाली पद्धत. उर्दू माध्यमात पिढ्यानपिढ्या असंच शिकवतात, ता है ती है ते हैं आलं की साधा वर्तमानकाळ, रहा है आलं की चालू, चुका है आलं की पूर्ण, आणि रहा है च्या आधी वेळेबरोबर से आलं की ते लांबलचक हॅव बीन वालं. माझं मत, वापरा पण अर्धीच. पहिले दोन बसवायला ती फार उपयोगी आहे, कारण ती सांगते की "ता हूँ" हा एक तुकडा आहे, त्यातला हूँ सुटा काढायचा नाही. फळ्यावर "जाता हूँ" ला एकच गोल करा आणि समोर नुसतं गो लिहा. "जा रहा हूँ" ला एक गोल आणि समोर ॲम गोइंग. "डॉक्टर हूँ" मध्ये फक्त हूँ ला गोल, समोर ॲम. हे तीन गोल शेजारी शेजारी राहू द्या, पुसू नका.

पण पुढे ती पद्धत दगा देते. "चुका है" शोधायला शिकवलं की मुलं "खा लिया है", "आ गया है", "देखा है" समोर अडकतात कारण तिथे चुका दिसतच नाही, आणि हे तर बोलण्यात जास्त येतात. "समझ आ रहा है" ला "आय ॲम अंडरस्टँडिंग" करतात कारण रहा है दिसलं. आणि "वो बैठा है" म्हणजे तो बसलेला आहे, इंग्रजीत ही इज सिटिंग, पण रहा कुठे आहे त्यात? म्हणून पहिल्या दोन काळांनंतर शेपटावरून काळ ओळखणं बंद करायचं आणि वेळ विचारायची, कधी झालं, संपलं का, अजून चालू आहे का.

"व्हॉट यू आर कमिंग" चं पण असंच. उर्दूत हो-नाही चा प्रश्न "क्या" ने सुरू होतो, "क्या तुम आ रही हो?" आणि "तुम क्या खा रही हो?" मध्ये पण क्या. शब्द एक, कामं दोन. मराठीत "का" शेवटी येतो आणि "काय" वेगळा असतो, निदान पुस्तकात तरी. त्यांना सांगा, क्या वाक्याच्या तोंडाशी असेल तर सहसा त्याला इंग्रजी शब्दच नाही, फक्त आर ला उचलून यू च्या आधी ठेवायचं, आर यू कमिंग. क्या क्रियापदाला चिकटून असेल तरच व्हॉट. डू आणि डझ नंतर आणा, आधी इज-आर वाले प्रश्न महिनाभर होऊ द्या.

आणि ही-शी. उर्दूत वो म्हणजे तो, ती, ते, ते लोक, शिवाय लांबची वस्तू पण. बाई आहे की पुरुष ते क्रियापद सांगतं, आती है, आता है. इंग्रजीत क्रियापद काही सांगत नाही आणि सगळा भार सर्वनामावर. मराठी माणूस तो-ती आधीपासून वेगळं करतो म्हणून त्याला हे सोपं. यात समजावण्यासारखं काही नाही, नुसता सराव. फोटो दाखवायचे आणि भराभर बोलायला लावायचं, ही इज टॉल, शी इज टॉल, हिज बॅग, हर बॅग. हिज-हर जास्त घ्या कारण "उसकी किताब" मधली "की" किताबमुळे आलेली असते, मालकामुळे नाही, आणि तिथे पुरुषाच्या पुस्तकाला सर्रास हर बुक होतं.

"माय फादर आर कमिंग" म्हणजे अब्बू आ रहे हैं. आदर आहे तो, चूक कसली. मराठीत पण बाबा आलेत म्हणतोच की. सांगायचं की इंग्रजीत आदर आवाजात आणि प्लीज-सर मध्ये ठेवतात, क्रियापदात ठेवायला जागाच नाही.

---

उंटावरचा_शहाणा

एवढं समजावत बसलात तर ते बोलणार कधी?

---

भूतकाळ_चालू

तीन गोल काढायला दोन मिनिटं लागतात सर. उरलेला तास बोलू द्या की.

---

खडू_आणि_फळा

तीन गोल उद्याच करून बघते. अजून एक विचारायचं राहिलं, प्रिपोझिशन. त्यात तर काहीच पॅटर्न सापडत नाहीये मला. "आय ॲम अफ्रेड फ्रॉम डॉग", "राइट फ्रॉम पेन", "टॉक फ्रॉम हिम", "शी इज टॉल फ्रॉम मी", सगळीकडे फ्रॉमच का?

---

नुक्ता

"से" आहे तो ताई, दुसरं काही नाही. मराठी माणसाला हे दिसत नाही कारण मराठीने हे काम आधीच वाटून दिलंय. बघा, घरातून, पेनने, माझ्याशी, सोमवारपासून, माझ्यापेक्षा, कुत्र्याला, सहा वेगवेगळी शेपटं. उर्दूत घर से, क़लम से, मुझसे, पीर से, मुझसे लंबी, कुत्ते से, सगळीकडे से. आणि इंग्रजीत परत फुटतात, फ्रॉम होम, विथ अ पेन, टॉक टू मी, सिन्स मंडे, टॉलर दॅन मी, अफ्रेड ऑफ डॉग्ज. बसने आला तर बाय. आणि "उससे शादी की" मध्ये तर इंग्रजीत काहीच नाही, मॅरिड हर, म्हणून विद्यार्थी मॅरी विथ म्हणतो. पहिल्यांदा शिकवलं से म्हणजे फ्रॉम, त्याने प्रामाणिकपणे सगळीकडे लावलं.

म्हणून "से म्हणजे फ्रॉम" हे वाक्यच वर्गात उच्चारू नका. त्यांना विचारा हा से कसला? निघालो तिथला, हत्याराचा, गाडीचा, बोलण्याचा, तुलनेचा, की वेळेचा? माझा अनुभव असा की उर्दूत विचारलं तर प्रत्येकजण बरोबर सांगतो, त्याला माहीत असतं फक्त कधी कोणी विचारलेलं नसतं. मग प्रत्येक प्रकाराला एक पूर्ण वाक्य पाठ, सुटा शब्द नाही.

वेळेच्या से मध्ये अजून एक गाठ आहे, "दो साल से" आणि "पीर से" दोन्हीत से, पण एकात फॉर आणि एकात सिन्स. मोजता येणारा काळ असेल तर फॉर, सुरू झालेला क्षण असेल तर सिन्स. हे मराठीवाल्यांनाही चुकतं त्यामुळे तुमच्या जुन्या नोट्स चालतील इथे. तीच गोष्ट ए, ॲन, द ची, उर्दूत पण नाहीत, मराठीत पण नाहीत.

आणि उलटं, जिथे उर्दू मदत करते ते तर कोणी वापरतच नाही. ऑफ शिकवायचंय? इज़ाफ़त घ्या, म्हणजे दोन शब्दांना जोडणारा तो मधला ए. तारीख़-ए-हिंद, हिस्टरी ऑफ इंडिया. हुकूमत-ए-पाकिस्तान, गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान. शब्दांचा क्रम हुबेहूब तोच, ए च्या जागी ऑफ ठेवा झालं. आणि "अहमद की किताब" हा दुसरा क्रम, तिथे अपॉस्ट्रॉफी एस, अहमद्ज बुक. इंग्रजीत हे दोन रस्ते का आहेत म्हणून मराठी विद्यार्थी डोकं खाजवतो, उर्दूवाल्याकडे दोन्ही रस्ते घरचेच आहेत. फक्त वज़ीर-ए-आज़म सारखं काही आलं तर सांगून ठेवा की तिथे ए च्या मागे विशेषण आहे, मोठा वज़ीर, तिथे ऑफ येत नाही.

तुलनेला पण घरचा माल आहे. टॉल-टॉलर-टॉलेस्ट सांगण्याआधी बेहतर-बेहतरीन, बदतर-बदतरीन म्हणा. फ़ारसीतून आलेलं तर आणि तरीन, ते रोज वापरतात. शेपूट लावून तुलना होते ही कल्पना लगेच पोचते, नाहीतर "मोर टॉल फ्रॉम मी" चालू राहतं.

अनियमित अनेकवचन, मॅन-मेन, फूट-फीट, माउस-माइस. किताब-कुतुब, शायर-शुअरा, शख़्स-अश्ख़ास म्हटलं की झालं, शब्दाच्या पोटात बदल होऊन अनेकवचन होतं हे त्यांना ऐकून माहीत असतं. इथे एकाच गोष्टीला जपा, मालूमात. उर्दूत ते अनेकवचन आहे म्हणून इन्फर्मेशन्स लिहितात, अगदी शिकलेले लोकही लिहितात. इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, हेअर, न्यूज ही पाच वेगळी लिहून भिंतीवर लावा.

---

पानगळ

शब्दांबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. ग्रामर आधी की शब्द आधी हा प्रश्नच मला पटत नाही, पहिल्याच दिवसापासून शब्द वाक्यातच द्या. पण कुठले शब्द, हे महत्त्वाचं. मायकल वेस्टने १९५३ मध्ये एक यादी छापली होती, साधारण २००० शब्दांची, सगळ्यात जास्त उपयोगी पडणारे शब्द, जुनी आहे पण पहिले पाचशे-सहाशे निवडायला अजूनही चांगली. त्यातून गेट, टेक, पुट, मेक, हॅव ही क्रियापदं आधी उचला, पुस्तकी मोठे शब्द नंतर.

क्रियापदांत करना चा घोळ सांभाळा. मदद करना, इंतज़ार करना, फ़ोन करना, उर्दूत नाम घेतलं आणि करना लावलं की क्रियापद तयार, मग "डू हेल्प", "डू वेट". हे शब्द देताना करना सकट द्या, मदद करना बरोबर हेल्प, इंतज़ार करना बरोबर वेट फॉर. दवा खाना म्हणून "ईट मेडिसिन", सिगरेट पीना म्हणून "ड्रिंक सिगरेट", इम्तिहान देना म्हणून "गिव्ह एक्झाम", बत्ती बंद करो म्हणून "क्लोज द लाइट". शेवटचे दोन तर आपण मराठी लोकही छातीठोकपणे म्हणतो.

आणि हॅव ला एक अख्खा तास द्या. मेरे पास किताब है, मेरे दो भाई हैं, मुझे बुख़ार है, उर्दूत तीन वेगळे साचे, इंग्रजीत तिन्ही ठिकाणी आय हॅव. "विथ मी इज बुक" कुठून येतं ते कळेल. भूक मात्र यात घालू नका, मुझे भूख लगी है म्हणजे आय ॲम हंग्री, तिथे ॲम.

उपसर्ग-प्रत्ययांसाठी पण त्यांच्याकडे खजिना आहे. ना-ख़ुश, ग़ैर-हाज़िर, ला-इलाज, बे-घर. अन, इन, लेस शिकवताना यांच्याच शेजारी अनहॅपी, होमलेस लिहा, उलटा अर्थ करायला तुकडा जोडतात हे समजावायला वेगळं काही करावं लागणार नाही.

---

खडू_आणि_फळा

तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या अख्ख्या टर्मचा प्लॅन करून दिला. एक शेवटचं, उच्चार. स्कूलला इस्कूल म्हणतात ते सुधारत बसू का?

---

नुक्ता

इस्कूल, इस्टेशन बऱ्याच जणांच्या तोंडी असतंच, शब्दाच्या सुरुवातीला स ला दुसरं व्यंजन जोडून आलं की आधी एक इ टेकू म्हणून लागते, आणि पंजाबी वळणाची उर्दू असेल तर सकूल. समोरच्याला समजतं तोवर पहिल्या महिन्यात हात लावू नका. नंतर सुधारायचं झालं तर स लांबवायला सांगा, स्स्स्कूल, इ ला जागाच उरत नाही. व्ही आणि डब्ल्यू कडे आधी लक्ष द्या कारण उर्दूत दोन्हीला एकच वाव, व्हेस्ट आणि वेस्ट सारखेच येतात. व्ही ला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यू ला ओठ गोल आणि दात ओठापासून दूर. झेड आणि एफ ची चिंता नको, ज़े आणि फ़े त्यांचे घरचे आहेत. प्लेझर, मेझर मधला तो मधला आवाज पण उर्दूत आहे, झे नावाचं तीन टिंबांचं अक्षर आहे त्याला, "झालाबारी" म्हणजे गारपीट त्याच अक्षराने सुरू होतं. फार कमी शब्दांत येतो, त्यामुळे खूप जण तिथे साधा ज़ किंवा ज च बोलतात, पण अक्षराची आठवण करून दिली की जमतं.

---

उंटावरचा_शहाणा

ताई, से चे सगळे प्रकार एका पानावर टाइप करून इथे टाका ना. माझ्या शेजारचा मुलगा उर्दू शाळेत आहे, त्याला देतो.

---

भूतकाळ_चालू

आता कसं 😄 टाका ताई, आणि तीन गोल पण काढा त्याच पानावर, खाली जागा उरेल.